गडावर जाण्याआधी, आदल्या रात्री

पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी झाल्या की पुणेकरांची पावले गडांकडे वळतात. रविवारी सिंहगड, लोहगड, राजगड, तोरण्याच्या वाटा माणसांनी फुलून जातात. सोमवारी बाह्यरुग्ण विभागात त्यातलेच काहीजण भेटतात. कुणाचा घोटा मुरगळलेला असतो, कुणाचा गुडघा सुजलेला, तर कुणी माथ्यावर चक्कर येऊन बसलेला असतो. हे त्रास गडावर झालेले दिसले, तरी त्यातल्या अनेकांची सुरुवात आदल्या रात्री घरी सॅक भरताना झालेली असते.

आपल्या शरीराचे आतले तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा सुमारे पाऊणहिस्सा उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घालवायला घाम येतो. घाम वाळला की अंग थंड होते. म्हणजे कपडे असे हवेत, की चढताना घाम वाळू द्यावा आणि माथ्यावर पोचल्यावर ऊब टिकवावी.

इथे सुती टी-शर्ट आणि जीन्स दगा देतात. एरवी सुती कापड आपल्या हवेला उत्तम. पण ते पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेल्या अंगाने वाऱ्यात उभे राहिलेला माणूस 15-20 अंशांतही गारठू शकतो. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. भिजलेली जीन्स जड होते, गुडघ्याला अडते आणि मांड्या सोलवटते. त्यापेक्षा खेळाडू वापरतात तसा पटकन वाळणारा टी-शर्ट आणि सैलसर ट्रॅक पँट बरी. बाह्या पूर्ण असाव्यात. ऊन, काटे आणि कीटक तिन्हींपासून बचाव होतो.

प्लास्टिकचा रेनकोट घालून चढलात, तर पावसाने नाही तरी घामाने भिजाल. चढताना तो मोकळा ठेवा, माथ्यावर वारा लागला की बंद करा. एक कोरडा टी-शर्ट आणि मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवा आणि वर पोचल्यावर बदला. सोबतचा कुणी थडथडत असेल, अडखळत चालत असेल, बोलताना शब्द ओढत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड व गरम काही प्यायला द्या.

आता बूट. सोलला खोल खाचा असलेलेच बूट घ्या. झिजलेला गुळगुळीत सोल शेवाळलेल्या कातळावर टिकत नाही. दोन-तीन वर्षे कपाटात पडून असलेले बूट आधी वाकवून, ओढून पाहा. दमट हवेने सोल भुसभुशीत होऊन ऐन वाटेत सुटून येतो. नवे कोरे बूट थेट गडावर नकोत, आठवडाभर ते घालून फिरा. उतरताना पाय पुढे सरकतो, म्हणून नखे कापलेली हवीत आणि नाड्या घोट्यापाशी घट्ट.

सिंहगडावर आतकरवाडीतून सुमारे 600 मीटरचा चढ आहे, पण वर ताक, दही, पिठलं-भाकरी मिळते. या सवयीने लोक इतर गडांवरही रिकाम्या हाताने जातात. माणशी दोन ते तीन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर हवे. पावसाळ्यात तहान कमी लागते, घाम मात्र येतच असतो. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. नुसते पाणी ढोसत राहिले, तर रक्तातले मीठ विरळ होते. म्हणून सोबत शेंगदाणे, चिक्की, खजूर, खारे काहीतरी आणि ओआरएसची दोन पाकिटे ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पावडर घाला. छोट्या बाटलीत मोठे पाकीट ओतल्यास ते अपायकारक ठरते.

औषधांची पिशवी छोटीच असावी: क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, निर्जंतुक गॉझ आणि आपली नेहमीची औषधे. दम्याचा पंप सॅकच्या तळाशी नको, खिशात हवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे, कारण चढताना रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी काय करायचे ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. मनाने बंद करू नका. गुडघा दुखेल म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. अत्तर आणि डिओही घरीच राहू द्या. उग्र वासाने मधमाश्या चवताळू शकतात.

सॅकमध्ये टॉर्च आणि शिट्टी हवीच. वाट चुकली तर उतरताना अंधार गाठतो आणि मोबाइलची बॅटरी तेव्हाच संपते. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगा. तातडीच्या मदतीसाठी 108 आणि 112 हे क्रमांक आहेत, पण कड्यावर रेंज असेलच असे नाही.

सॅक भरून झाली की बूट घाला, सॅक पाठीवर घ्या आणि इमारतीचे तीन-चार मजले चढून पाहा. पट्टा काचत असेल, बूट चावत असेल तर दुरुस्तीला रात्र हातात आहे. छातीत दाटून आले, धाप बसेना किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र उद्याचा बेत रद्द करा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.