गोमेला ओल का लागते?

पावसाळ्यात कुंडी उचलली की बुडाखालून गोम सुळकन पळते. उन्हाळ्यात तीच गोम मोरीच्या कोपऱ्यात नाहीतर दगडाखाली दडलेली असते. ओल सोडून तिला फार काळ राहताच येत नाही.

झुरळाच्या कवचावर मेणचट थर असतो, त्यामुळे अंगातलं पाणी सहजी उडत नाही. गोमेचं कवच या बाबतीत कच्चं. त्यात बहुतेक जातींच्या कुशींवर श्वासाची छिद्रं असतात आणि ती कीटकांसारखी घट्ट मिटत नाहीत. श्वास चालू म्हणजे गळतीही चालू. म्हणून गोम रात्री हिंडते.

गेलेलं पाणी भरून निघतं ते भक्ष्याच्या रसातून आणि थेंब पिऊन. खरी गंमत मात्र मागच्या पायांत आहे. त्यांच्या मुळाशी बारीक छिद्रं असतात : युरोपात सर्रास आढळणाऱ्या लिथोबियसमध्ये शेवटच्या चार जोड्यांवर, आपल्याकडच्या मोठ्या घोणीत फक्त शेवटच्या जोडीपाशी. छिद्राखालच्या पेशींचं आवरण दाट चुण्यांचं, आत तंतुकणिका खच्चून भरलेल्या. ऊर्जा खर्चून क्षार ओढणाऱ्या पेशी अशाच दिसतात. क्षार आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. दमट हवेतली वाफसुद्धा गोम इथूनच टिपते, असं लिथोबियसवरच्या प्रयोगांवरून मानलं जातं.

आता क्षारांचा हिशेब. आतड्याला जोडलेल्या दोन लांब नळ्या म्हणजे माल्पिघी नलिका. मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६९ साली रेशीमकिड्याचं वर्णन करताना तशा नळ्या नोंदवल्या, म्हणून हे नाव. आपल्या मूत्रपिंडात रक्ताच्या दाबाने गाळण होते. गोमेचं रक्त अंगात मोकळंच खेळतं, तेवढा दाब येणार कुठून? म्हणून नळीच्या पेशी क्षार आत ढकलतात, पाणी आपोआप मागून येतं आणि त्याबरोबर टाकाऊ द्रव्यंही. हा द्रव मागच्या आतड्यात उतरतो. तिथे कामाचे क्षार आणि पाणी पुन्हा अंगात घेतलं जातं, उरलेलं विष्ठेबरोबर बाहेर.

एवढी काटकसर करूनही एक उधळपट्टी राहतेच. कीटक नायट्रोजनचा कचरा बहुधा युरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडाच टाकतात. लिथोबियस मात्र त्यातला बराचसा अमोनिया म्हणून सोडते. अमोनिया विषारी, तो सौम्य ठेवायला पाणी भरपूर लागतं, आणि ते दगडाखालच्या ओलीतच परवडतं.