थेरपीचा गृहपाठ मोबाइलवर!

आठवड्याचे तास १६८. त्यातला थेरपिस्टसमोर जेमतेम एक. उरलेल्या १६७ तासांचं काय? माझं उत्तर खिशातच आहे! अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात सुरू केलेल्या सीबीटी पद्धतीत विचारांची नोंद हा गृहपाठच असतो. वहीऐवजी मी मोबाइलवर लिहिते. बॉसचा मेल आला, धडधडलं, मनात काय आलं, सगळं तिथल्या तिथे! शनिवारपर्यंत निम्मं विसरायला होतं ना! मग मॅडम आणि मी त्या नोंदी एकत्र वाचतो. 'मी ठीक आहे' म्हणताना भरून येणारे डोळे मात्र मोबाइलला दिसत नाहीत, समोर बसलेल्या मॅडमना दिसतात. तेव्हा दोस्तांनो, नोंदी जरूर ठेवा, फोनला लॉकही लावा; पण अपॉइंटमेंट चुकवू नका. आणि रात्री-अपरात्री असह्य झालंच, तर टाइप करत बसू नका. सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा आणि बोला!