कोंड्याचा मांडा : गोंदियाच्या धानातील ऊर्जा

'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार आपण काटकसरी गृहिणीचे कौतुक करताना वापरतो. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या वस्तूतून उपयुक्त वस्तू घडविणे, हा त्याचा अर्थ. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात या वाक्प्रचाराची प्रचिती भातगिरण्यांतून येते. धान हे या जिल्ह्याचे मुख्य पीक आणि धानाची भरडाई हा येथील महत्त्वाचा उद्योग होय.

गिरणीत 100 किलो धान भरडले असता साधारणतः 65 ते 67 किलो तांदूळ, 20 ते 22 किलो तूस आणि 5 ते 8 किलो कोंडा मिळतो. तूस म्हणजे दाण्यावरील कठीण टरफल, तर कोंडा म्हणजे त्याखालील तांबूस थर. तांदूळ आपल्या ताटात येतो. पण तुसाचे पुढे काय होते?

रोपाने सूर्यप्रकाशातून घेतलेली ऊर्जा तुसातही साठलेली असते. एक किलो तूस जाळल्यास सुमारे 3000 किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजेच 100 किलो धानाच्या तुसात सुमारे 60,000 किलोकॅलरी, अर्थात जवळपास 70 युनिट विजेइतकी ऊर्जा असते.

मात्र ही सर्व ऊर्जा विजेच्या रूपात हाती येत नाही. ऊर्जा नव्याने निर्माण करता येत नाही, तिचे केवळ रूप पालटता येते. आणि प्रत्येक रूपांतरात काही भाग उष्णता होऊन निसटतो. याच जिल्ह्यातील तिरोडा येथे 2012 ते 2014 या काळात 660 मेगावॅटचे पाच संच कार्यान्वित झाले. अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या अशा प्रगत संचांतही कोळशातील उष्णतेपैकी सुमारे 40 टक्केच उष्णतेची वीज होते. तुसावरील लहान प्रकल्पात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास असते. वरील 70 युनिटांपैकी 14 युनिटेच प्रत्यक्षात तारेत उतरतात.

याउलट, उष्णतेचा वापर उष्णता म्हणूनच केला, तर हानी पुष्कळ कमी होते. उकडा (उष्णा) तांदूळ तयार करताना धान भिजवून वाफवितात आणि मग वाळवितात. ही वाफ तुसावर चालणाऱ्या बॉयलरमधून मिळते व चांगल्या बॉयलरमध्ये तुसातील सुमारे 70 टक्के उष्णता वाफेत उतरते. वाफविताना कोंड्यातील 'ब' जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत शिरतो, हा आणखी एक लाभ. शिवाय तूस अतिशय हलके असते. एका घनमीटरमध्ये ते जेमतेम 100 किलो मावते. त्यामुळे ते दूर नेणे परवडत नाही. जेथे निर्माण होते तेथेच वापरणे किंवा दाबून त्याच्या कांड्या करणे शहाणपणाचे ठरते.

कोंड्यात 15 ते 20 टक्के तेल असते. परंतु भरडाईनंतर काही तासांतच ते खवट होऊ लागते. म्हणून कोंडा त्वरित तापवून टिकवावा लागतो किंवा ताजाच तेलगिरणीत पोहोचवावा लागतो. येथे साधनसंपत्तीचे मोल वेळेवर अवलंबून आहे.

शेवटी उरते राख. 20 किलो तुसामागे तीन ते चार किलो राख निघते आणि तिचा 85 टक्क्यांहून अधिक भाग सिलिका असतो. बेताच्या तापमानावर, सुमारे 700 अंशांच्या आत जळालेल्या तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळल्यास काँक्रीट अधिक टिकाऊ होते. तेच तूस फार तापविले, तर सिलिकेचे स्फटिक बनतात व त्यांची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा करते. उघड्यावर टाकलेली राख वाऱ्याने उडून वस्तीत, विहिरीत आणि शेतात पोहोचते. तूस तेच, राख तीच. परंतु जाळण्याच्या व हाताळण्याच्या पद्धतीनुसार ती एकाच्या घराची भिंत होते, तर दुसऱ्याच्या छातीतील दुखणे.

म्हणून कोणत्याही रूपांतराचा हिशेब केवळ मिळालेल्या युनिटांवर थांबू नये. किती उष्णता वाया गेली, राख कोठे गेली आणि भट्टीजवळ राबणाऱ्या मजुराच्या नाकातोंडावर संरक्षण होते काय, हे प्रश्नही विचारावयास हवेत. कोंड्याचा मांडा व्हावा, हे खरे. पण तो कोणाच्या आरोग्याच्या मोलाने होऊ नये.