पहिले वर्ष घरातूनच : नातवंडांना साथ कशी द्यावी?

एरवी जून-जुलै महिन्यांत महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदा चढली जाते. बसचा नवा पास, अनोळखी वर्ग, कॅन्टीनमध्ये जुळलेली पहिली मैत्री! 2020 साली यांपैकी काहीच घडले नाही. मार्चमध्ये टाळेबंदी आली, प्रवेश लांबले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सुधारित वेळापत्रकात प्रथम वर्षाच्या वर्गांसाठी 1 नोव्हेंबर हा दिवस ठरला. त्या वर्षी आपले नातवंड महाविद्यालयात गेले खरे, पण बसले घरातल्याच पलंगावर, मोबाइलसमोर.

मूल डोळ्यांसमोर आहे म्हणजे ते सुखरूप आहे, असे आपल्याला वाटते. येथेच आपली गफलत होते. शाळेचे सोबती पांगले, नवे सहाध्यायी म्हणजे पडद्यावरची नावे. त्यात मनावर आणखी एक ओझे होते : ‘माझ्यामुळे आजी-आजोबांना संसर्ग झाला तर?’ म्हणून मुखपट्टीचा तेव्हाचा नियम सांगणे योग्यच होते. परंतु ‘आमच्या जिवावर उठलास’ असे शब्द रागाच्या भरातही उच्चारू नयेत.

वर्गाचा मान राखा

तासिकांचे वेळापत्रक विचारून घ्या आणि ते भिंतीवर लावा. त्या वेळेत दूध घेण्यासाठी वा दार उघडण्यासाठी हाक मारू नका. दूरदर्शनचा आवाजही कमी ठेवा. शक्य असल्यास टेबल-खुर्चीची आणि पुरेशा उजेडाची सोय करा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, साधारण 20 फुटांवरच्या वस्तूकडे पाहिल्यास डोळ्यांना विश्रांती मिळते. सकाळी ठरावीक वेळी उठून गच्चीवर किंवा अंगणात एकत्र फिरण्याचा नेम दोघांच्याही झोपेला हितकर ठरतो.

प्रश्न बदला

‘अभ्यास झाला का?’ याऐवजी ‘आज कोणाशी बोललीस?’ असे विचारून पाहा. उत्तर तुटक आले तरी रागावू नका. आपण पहिल्यांदा घर सोडले तेव्हा काय वाटले होते, ते सांगा. व्हिडिओ कॉल कसा करावा, हे तिच्याकडून शिका; शिकवता शिकवता ती मोकळी होईल. एखाद्या मैत्रिणीला मोकळ्या जागेत भेटण्यास सरसकट मनाई करू नका. घरातील मिळकत घटली असल्यास ते लपवू नका; महाविद्यालयाकडे शुल्काच्या हप्त्यांविषयी विचारणा करता येते.

केव्हा सावध व्हावे?

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप किंवा भूक बिघडली, मूल माणसे टाळू लागले, तर ‘हे वयच तसे’ म्हणून सोडून देऊ नका; डॉक्टरांचा सल्ला घ्या. ‘मी नसलेलेच बरे’ असे शब्द कानी आले, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नका आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्या. 2020 साली केंद्र शासनाच्या ‘किरण’ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर अहोरात्र, मराठीतूनही बोलता येत असे.

उद्या पहिली तासिका सुरू होण्यापूर्वी चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवा आणि दार हलकेच ओढून घ्या. तासिका संपल्यावर, तिची इच्छा असेल तर, दोघे मिळून बोलत बसा.