खवले, नारळ आणि खजूर : अमिरातीतले बेने इस्राएल स्वयंपाकघर

दुबईच्या देरा भागात वॉटरफ्रंट मार्केट आहे. जुन्या देरा मासळी बाजाराच्या जागी २०१७ मध्ये हा नवा बाजार सुरू झाला. कोकणातला माणूस तिथे गेला की त्याला परके वाटत नाही. मासे ओळखीचे असतात, नावे तेवढी बदललेली. सुरमईला तिथे 'कनाद' म्हणतात, पापलेटला 'झुबैदी', कोळंबीला 'रुबियान'. हमूर तर अमिरातीत सगळ्यांच्या आवडीचा. या बाजारात बेने इस्राएल घरातली आजी मासा हातात घेऊन एकच गोष्ट आधी बघते : पर आणि खवले आहेत का?

तिची ही सवय समाजाइतकीच जुनी आहे.

माशांची परीक्षा

आपल्या समाजात सांगतात, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे अनेक पिढ्या त्यांचे वंशज कोकणात राहिले. हिब्रू विसरले, पण शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. नंतर दाविद रहाबी आले. हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले असलेले मासे शिजवायला घेतले आणि बिनखवल्याचे बाजूला काढले. रहाबींना उत्तर मिळाले. ते नेमके कोणत्या शतकात आले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, पण कथेचा अर्थ स्पष्ट आहे. ग्रंथ हातात नव्हते तेव्हा समाजाची ओळख स्वयंपाकघराने सांभाळली.

आज नोकरीसाठी दुबई, शारजा किंवा अबू धाबीला गेलेल्या एकट्या कुटुंबाची स्थिती काहीशी तशीच असते. मिन्यान जमवणे अवघड, नातेवाईक दूर. चूल मात्र रोज पेटते. म्हणून पदार्थ कसा करायचा याबरोबर तो तसाच का करायचा, हेही मुलांना सांगावे लागते. कारण कळले तर सामान बदलले तरी पदार्थ टिकतो. नुसती कृती पाठ असेल, तर एक जिन्नस मिळेनासा झाला की पदार्थ बंद पडतो.

बाहेर जेवताना

परदेशी गेलेल्या तरुणांचा पहिला समज असतो की हलाल आणि कोशर एकच. दोन्हींत डुक्कर आणि रक्त वर्ज्य आहे, हे साम्य खरे. पण कोशर मांसासाठी प्राणी शोहेतने कापावा लागतो, आतले अवयव तपासावे लागतात आणि मांस मीठ लावून धुवावे लागते. शिवाय उंट हलाल आहे, कोशर नाही. तो रवंथ करतो, पण त्याचे खूर तोराहच्या नियमाप्रमाणे दुभंगलेले नाहीत. जो प्राणी कोशर नाही त्याचे दूधही कोशर नाही. म्हणून अमिरातीत मिळणारे उंटिणीच्या दुधाचे चॉकलेट किंवा आइस्क्रीम घेण्याआधी वेष्टन वाचावे.

अमिराती पदार्थांचेही असेच. 'हरीस' म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेला मऊ पदार्थ. त्यावर तूप सोडतात, म्हणजे मांस आणि दुधाचा पदार्थ एकत्र आला. 'जशीद' लहान मुशीच्या मांसाचा करतात आणि मुशी आपल्याला चालत नाही. 'मचबूस' हा मसालेभात कोळंबीचा असेल तर चालत नाही. घरी मात्र तोच मचबूस हमूर घालून करता येतो.

शाकाहारी उपाहारगृह हा अनेक कुटुंबांचा आधार. करामा आणि बुर दुबईत इडली-डोसा, थाळी सहज मिळते. तरीही कडक पाळणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेले रेनेट आहे का? व्हिनेगर द्राक्षाच्या वाइनचे आहे का? पालेभाजी किडींसाठी नीट निवडली आहे का? घराघराची रीत वेगळी असते. कोणी एवढे पाहते, कोणी पाहत नाही. प्रश्न ठाऊक असावेत हे महत्त्वाचे.

२०१९ मध्ये एली क्रिएल यांनी दुबईत 'एलीज कोशर किचन' सुरू केले. कोशर आणि अमिराती पाककला एकत्र आणणाऱ्या त्यांच्या पदार्थांना 'कोशराती' हे नाव मिळाले. सप्टेंबर २०२० मध्ये अमिराती आणि इस्राएल यांच्यात अब्राहम करार झाला. त्याच महिन्यात अबू धाबीच्या पर्यटन खात्याने हॉटेलांना कोशर जेवणाची सोय करायला सांगितले आणि दुबईत बुर्ज खलिफाच्या इमारतीत 'अरमानी काफ' हे कोशर रेस्टॉरंट उघडले. २०२३ मध्ये अबू धाबीच्या सादियात बेटावर मोशे बेन मैमोन सिनेगॉग सुरू झाले. अशा सोयी बदलत राहतात, म्हणून जाण्याआधी त्या वेळचे कोशर प्रमाणपत्र आहे का, हे विचारून घ्यावे.

बॅग भरताना

मुंबई-ठाण्याहून निघताना घरचा मसाला सगळेच नेतात. इथे एक इशारा लक्षात ठेवावा. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते आणि थोडी सापडली तरी गंभीर अडचण येऊ शकते. आपल्या अनेक वाटणांत आणि मसाल्यांत खसखस असते. घरच्यांनी प्रेमाने दिलेली पुडी असली तरी मसाल्यात काय काय घातले आहे, हे विचारूनच ती बॅगेत ठेवावी. वाटण दाट करायला पांढरे तीळ किंवा काजू चालतात.

किद्दूशसाठीही आपली जुनी रीत प्रवासात सोयीची आहे. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या आणि गाळून शरबत करायचे. कोकणात कोशर वाइन मिळत नव्हती, तेव्हा याच शरबतावर किद्दूश होत असे.

नारळाचे दूध का?

मटणानंतर गोड खायचे तर त्यात दूध चालत नाही. कोकणात नारळ भरपूर. त्यामुळे आमटीपासून हलव्यापर्यंत नारळाचे दूध आले. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, चिकाचा हलवा होतो. गहू दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवतात, वाटून गाळतात. तळाशी बसलेला पांढरा चीक नारळाचे दूध आणि साखर घालून सतत ढवळत आटवतात. मग थाळीत ओतून वर बदाम-पिस्ते पेरतात आणि वड्या पाडतात.

आखातात ओमानी हलवा प्रसिद्ध आहे. तोही पिठूळ चिकापासून बनतो आणि तसाच लवचिक असतो. पण त्यात तूप असते, म्हणून मांसाच्या जेवणानंतर तो आपल्याला चालत नाही. आज वेळ नसेल तर कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास वापरतात. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते. जिलेटिन मात्र बहुधा प्राण्यांपासून काढलेले असते, म्हणून ते वापरू नये.

सणांची नावे आणि मलिदा

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली छापला गेला. त्यात सणांची जुनी मराठी नावे आहेत : खिरीचा सण, बिरड्याचा रोजा वगैरे. बिरड्याचा रोजा म्हणजे तिशा बआव. मोड आलेल्या वालांचे बिरडे त्या उपवासाशी जोडलेले. पंचांग विसरले तरी पदार्थावरून सण आठवे.

मलिद्याला अमिरातीत काही कमी पडत नाही. भारतीय दुकानांत पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची मिळते. पोहे धुऊन निथळावेत, त्यात गूळ, खोबरे, वेलची मिसळावी आणि भोवती पाच फळे मांडावीत. खजूर तर तिथलेच. उन्हाळ्यात ताजे, मऊ 'रुताब' मिळतात, एरवी सुकलेले 'तमर'. एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून बेराखा म्हणतात. खजूर आणि सफरचंद यांवर झाडाच्या फळाची, केळ्यावर जमिनीच्या उपजाची. केळीला लाकडी खोड नाही आणि ती एकदाच फळते, म्हणून तिची बेराखा वेगळी. ताटाभोवती बसलेल्या लहान मुलाला हा फरक विचारावा. ते बहुधा बरोबर सांगते आणि मग पहिला खजूर त्यालाच मिळतो.

वर्गासाठी काम

१. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या घरी मलिद्यात गूळ घालतात की साखर? का?
२. आपल्या घरच्या मसाल्यातले सगळे जिन्नस मराठीत लिहा. त्यांपैकी अमिरातीत काय नेता येणार नाही?
३. मचबूस कोशर करायचा तर कोणते दोन बदल कराल?