आपल्या जनुकांतले जुने विषाणू

आदिलाबादच्या जैनदमधला मराठी शेतकरी असो की उटनूरचा गोंड म्हातारा, दोघांच्याही डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे. लाखो वर्षांपूर्वी काही रेट्रोव्हायरस आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येत राहिले. बहुतेक अवशेष माणसाची जात उदयाला येण्याआधीचे आहेत, म्हणून ते सर्व समाजांत सारखेच सापडतात.

त्यांतले बरेचसे मोडके आहेत, तरी काहींना काम मिळाले. सिन्सिटिन हे विषाणूजन्य प्रथिन गर्भाची वार घडवायला मदत करते.

तरुणपणी पेशी या अवशेषांवर रासायनिक खुणा लावून त्यांना गप्प ठेवते. वय वाढले की या खुणा सैल होतात. 2023 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले, की जीर्ण झालेल्या मानवी पेशींत एचईआरव्ही-के हा अवशेष पुन्हा जागा होतो. पेशीला वाटते, बाहेरचा विषाणू आला. धोक्याची यंत्रणा चालू होते आणि दाह वाढतो. उतारवयातल्या रेंगाळणाऱ्या दाहामागचे हे एक कारण असू शकते. असा सततचा दाह हृदय, सांधे आणि रोगप्रतिकारशक्ती यांना त्रासदायक ठरतो.

यात घाबरण्यासारखे काही नाही: हे अवशेष सर्दीसारखे एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. त्यांना गप्प ठेवणाऱ्या औषधांवर संशोधन सुरू आहे. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांची लस, तंबाखूमुक्ती आणि रोजचे चालणे, याकडे आपण मनापासून लक्ष द्यायला हवे.