वीस एक कीं एकवीस?

मराठी मूल २१ हा आंकडा लिहितांना दोन आधीं लिहितें व एक नंतर; उच्चारांत मात्र एक आधीं येतो, वीस मागाहून. कानडी किंवा तेलुगु मुलाला ही अडचण नाहीं. ती दूर व्हावी म्हणून २०१९ सालीं 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक' असें वाचन आलें, 'एकवीस'ही राहिलें. मंगला नारळीकर या गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. वाद विधानसभेपर्यंत गेला.

'एकवीस' ऐकून १२ लिहिणारीं मुलें ज्या शिक्षकांनीं वर्षानुवर्षें पाहिलीं, त्यांना या सुधारणेचा हेतु समजावून सांगण्याची गरजच नव्हती. त्यांची अडचण निराळी होती. वर्गांत 'साठ तीन' शिकवावें, तर घरीं आजोबा 'त्रेसष्ट' घोकून घेत. पाढ्यांची तर सारी लयच जुन्या नांवांवर बसलेली. 'सात त्रिक वीस एक' म्हणतांच ठेका मोडतो. (पाढे हें गणित खरें, पण अर्धें गाणेंच.) शिवाय पालक जाब विचारणार तो समितीला नव्हे, वर्गावरच्या बाईंना, आणि बाई स्वतः लहानपणीं 'एकवीस' म्हणतच मोजावयास शिकलेल्या.